रोप की कलम, ते चिठ्ठीवर लिहा

संपादक महोदय,

मृगाचा पाऊस लागला की आमच्या भागातल्या रोपवाटिकांत पाय ठेवायला जागा नसते. या दिवसांत आपल्या दैनिकात वृक्षलागवडीचे फोटो भरपूर येतात. झाड विकत घेताना काय बघावं, हे मात्र कुणी छापत नाही. म्हणून हे पत्र.

आमची लेक पुण्यात बँकेत आहे, पण तिचा अर्धा जीव इथल्या परसात. रविवारी फोन आला की आधी अनंताला कळ्या धरल्या का, मिरीचा वेल पोफळीवर कुठवर चढला, याची चौकशी. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख त्यानंतर. बाबाही तसलेच. तिचं पहिलं बाळंतपण इथे माहेरी झालं. नात झाल्याचं कळल्यावर हे पेढे आणायला म्हणून गेले आणि पेढ्यांबरोबर रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, कलम घेऊन आले. ‘मादी कलम आहे, चार-पाच वर्षांत धरेल,’ असं सांगून रोपवाटिकेवाल्याने पैसे कलमाचे घेतले.

नात आता दुसरीत गेली. या जानेवारीत झाड पहिल्यांदा फुललं. लेकीला व्हिडिओ कॉल लावला. ‘आई, मोबाईल फुलाजवळ धर. अजून जवळ. आता पाकळ्या बाजूला कर.’ फुलं झुबक्याने आलेली, आणि मधोमध नुसता पिवळट पुंकेसरांचा गोळा. फळ धरायला जागाच नाही. ‘आई, हा तर बाप्या निघाला!’ मग तिने बाबांना बुंध्याशी वाकायला लावलं. काडी जोडल्याची खूण, म्हणजे कलमाची गाठ, कुठेच नव्हती. कलम म्हणून दिलेलं ते झाड बियांचं रोप होतं.

रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांतली निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत बघून काहीच ओळखता येत नाही. तोवर सहा-सात वर्षं जातात. जायफळाचीही हीच गत. म्हणून तर कलम करायचं, म्हणजे मादी झाडाची काडी रोपावर बांधायची. त्यातही काडी उभ्या शेंड्याची घेतली तर झाड सरळ वाढतं, आडव्या फांदीची घेतली तर झुडपासारखं पसरतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रातांब्याची ‘कोकण अमृता’सारखी जात काढलेली आहे. पण पिशवीला चिठ्ठीच नसेल तर गिऱ्हाइकाने जात ओळखायची कशी?

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ चा कायदा आहे. माझं म्हणणं इतकंच, की प्रत्येक पिशवीला चिठ्ठी हवी आणि तिच्यावर रोप की कलम, जात कोणती, काडी नराची की मादीची, एवढं तरी लिहिलेलं हवं. पावतीवरही तेच. ‘झाड १ नग’ असल्या पावतीवर भांडायचं कुणाशी? आम्ही विचारायला गेलो तर ‘काकी, झाडाचं काय, नशीब असतं’ हे उत्तर मिळालं. नशिबाचेच पैसे घ्यायचे तर मग रोपाचे घ्यावेत, कलमाचे का?

जूनच्या पहिल्या आठवड्यात आपण एक चौकट छापावी, अशी विनंती आहे. कलमाची गाठ कुठे बघायची आणि गाठीखालून फुटलेली फूट का खुडायची, एवढं त्यात आलं तरी पुष्कळ. ती फूट राखली तर खालचं रानटी झाड जोर धरतं आणि वरची काडी मरते. विकणाऱ्यांपैकी किती जण हे सांगतात?

आमच्या बाप्याचं काय करायचं, यावर बापलेकीचं अजून जुंपलेलं आहे. ह्यांना तो खालून छाटून नव्या फुटव्यांवर मादी काड्या बांधायच्या आहेत. लेक म्हणते, आजूबाजूच्या रातांब्यांना परागासाठी एखादा नर लागतोच, राहू दे. नातीला विचारलं तर तिला त्यावर झोपाळा हवाय. गणपतीत सगळी जमतील तेव्हा काय ते ठरेल. बदली कलम मात्र मी स्वतः जाऊन, गाठ आणि चिठ्ठी बघूनच आणणार आहे.

– एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी