पप्पा, तिथलं स्वयंपाकघर तुम्हाला पटलं असतं

आदरणीय पप्पा,
सप्रेम जयभीम.

तुमचे फोन लागत नव्हते, कारण मी पुन्हा विपश्यनेच्या शिबिराला गेले होते. आईला माहीत होतं. तिच्यावर चिडू नका, मीच सांगू नको म्हटलं होतं. मागच्या वर्षी मी दहा दिवस मौन पाळलं, तर परत आल्यावर तुम्ही पंधरा दिवस पाळलंत!

शेलबर्न, मॅसॅच्युसेट्स. बॉस्टनहून गाडीनं दोनेक तास. तिथलं धम्मधरा केंद्र १९८२ चं, विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं अमेरिकेतलं पहिलं. या वेळी मात्र ध्यानाला बसायला नाही, राबायला गेले होते. एक शिबिर पूर्ण केलेल्यालाच सेवा देता येते. पहाटे चारला घंटा. साडेसहाला नाश्ता: ओट्सची खीर आणि शिजवलेले सुके प्लम. अकराला जेवण. पाचला नव्या साधकांना फळं आणि चहा, जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. मधे तीन वेळा आम्हीही हात धुऊन तासभर ध्यानाला बसायचो. जेवणारे मौनात, त्यामुळे भाजी खारट झाली तरी कुणी बोलत नाही. (झाली होती. माझ्याच हातून.)

आता हिशोबाचं. विहाराची पावतीपुस्तकं घेऊन तुम्ही दारोदार फिरता, म्हणून मुद्दाम सांगते. शिबिराला फी नाही, राहण्या-जेवणाचेही पैसे नाहीत. ज्यानं एकही शिबिर पूर्ण केलेलं नाही, त्याचं दान घेतच नाहीत, मग तो कितीही श्रीमंत असो. शिकवणाऱ्या आचार्यांना मानधन नाही.

माझ्यासोबत संडास घासणारी बाई दातांची डॉक्टर आहे, हे मला शेवटच्या दिवशी कळलं. तोवर आम्ही कामापुरतंच बोललो होतो. तिनं माझं आडनाव विचारलं नाही. यात फार मोठं काही झालं असं मी म्हणत नाही. आडनावावरून इथल्यांना काही कळतच नाही. परतीच्या गाडीत आपल्याकडचा एकजण होता. "नाशिकमध्ये नेमकं कुठे?" इथून सुरुवात करून कसारा घाट उतरायच्या आत आडनावापाशी पोचला असता. मी झोपेचं सोंग घेतलं.

दसऱ्याला तुम्ही दीक्षाभूमीवर होतात, मी गाजरं सोलत होते. संध्याकाळी नेहमीसारखं प्रवचन झालं, मंडालेत वाढलेल्या गोएंकांच्या इंग्रजीत. रात्री नऊला सगळे सेवेकरी मैत्रीभावनेच्या ध्यानाला बसलो. शेवटी सगळे "साधु, साधु, साधु" म्हणाले. 'ध'चा 'द' करून, पण आजी विहारात म्हणायची त्याच ठेक्यात. मला एकदम रडू आलं. ध्यानात कधी आलं नव्हतं.

तुमचा मुद्दा मी सोडलेला नाही. बुद्धाचा मार्ग शिकवायचा आणि बौद्ध व्हायचं नाव काढायचं नाही, हे मलाही खटकतं. १९५६ साली नागपुरात झालं ते डोळे मिटून झालं नसतं. पण इगतपुरी आपल्यापासून रेल्वेनं तासाभरावर, गुरुजींचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून तिथे आहे, आणि तुम्ही मुंबईला जाता-येता खिडकीतून नुसतं पाहता. बसू नका. एकदा उतरून बघा तरी.

आईला विचारा, जयंतीच्या जेवणाला एवढ्या मोठ्या पातेल्यात डाळ खाली लागू नये म्हणून ती काय करते? डिसेंबरात परत जाणार आहे. या वेळी तुम्हाला आधी कळवतेय.

तुमची,
छकुली