संडासातून रक्त म्हणजे दरवेळी मूळव्याधच नसते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी जाहिरात रोज असते बघा, 'मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज' आणि खाली नुसता मोबाईल नंबर. मी सरकारी दवाखान्यात सर्जरीच्या ओपीडीत स्टाफ नर्स होते, आता रिटायर झालेय. असल्या जाहिराती आणि एसटी स्टँडवर चिकटवलेले कागद वाचून, सगळीकडे फिरून, पैसे घालवून लोक शेवटी आमच्याच टेबलावर यायचे म्हणून लिहितेय.

आपल्याकडे काय होतं ना, संडासला लाल दिसलं की घरातलं कोणीही डॉक्टर होतं. उष्णता झालीय, ताक पी, सुरण खा, मिरची बंद कर. नाव ठरलेलं, मूळव्याध. बरं, पुष्कळदा ती असतेही, उगाच कोणाला घाबरवायचं नाहीये मला. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, संडास झाल्यावर टपटप पडतं नाहीतर पिचकारी उडते, आणि शक्यतो दुखत नाही, कोंब बाहेर आला तर हाताला लागतो. फिशर म्हणजे संडासच्या जागेला पडलेली चीर, तिचं उलटं, रक्त जेमतेम रेघभर पण संडासला बसताना काचेनं कापल्यासारखं दुखतं आणि नंतर तासभर आग आग, मग त्या भीतीनं माणूस संडास दाबून धरतो, तो आणखी कडक होतो आणि परत चिरतं. भगंदरात बाजूला फोड येतो, फुटतो, पू येतो, परत भरतो. आता तिन्ही दुखणी वेगळी, तिन्हीचे इलाज वेगळे, आणि जाहिरातवाल्याकडे तिघांना एकच पुडी! काही जण तर इंजेक्शन मारून कोंब जाळतात, मग ती जागा अशी आकसते की पेशंटला धड संडासला होत नाही, असले पेशंट मी बघितलेत.

पण माझं खरं म्हणणं पुढचंच आहे. एक रिक्षावाले आमच्याकडे आले होते, चाळिशीतले, बरेच महिने अशीच पुडी खात होते. रक्त थोडं थोडंच जायचं, पण सकाळी चार-चारदा जावं लागायचं आणि जाऊन आलं तरी पोट साफ झालं असं वाटायचंच नाही. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोकं पाडलेली, इतके वाळले होते. सरांनी ग्लोव्ह घालून बोटानं तपासलं, आणि गाठ बोटाला लागली. कॅन्सर. आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, त्यांना मूळव्याधपण होती! म्हणजे पुडीवाला अगदीच खोटं बोलत नव्हता, पण मूळव्याध सापडली म्हणून आत दुसरं काही नाही असं होत नाही ना. आपल्याकडे हा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर तरुण वयातही बघायला मिळतो, 'माझं काय वय आहे' असं म्हणून सोडून देऊ नका.

ती तपासणी म्हणजे काय तर डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, डॉक्टर जेली लावून एक बोट घालतात, लागलं तर प्रॉक्टोस्कोप म्हणून छोटी नळी. दोन-पाच मिनिटांचं काम. फिशर फार दुखत असेल तर त्या दिवशी करतही नाहीत. बायकांनी लेडी डॉक्टर मागावी, निदान सिस्टरला शेजारी उभं राहायला सांगावं, त्यात लाजायचं काय? बायका तर पाळीचंच असेल म्हणून महिनोन्‌महिने गप्प बसतात. गरोदरपणात बद्धकोष्ठानं मूळव्याध होते हे खरं, पण तेही चेकअपला गेल्यावर सांगायचं, परस्पर गोळ्या घ्यायच्या नाहीत.

बाकी कारणंही बरीच आहेत. रक्ताची आव झाली की मुरडा, ताप, चिकट जुलाब. तरुण मुलाला महिना-महिना रक्तशेंबडाचे जुलाब चालू असतील तर आतड्याला सूज किंवा टीबीसुद्धा असू शकतो. लहान मुलाला दुखत नाही पण अधूनमधून रक्त जातं, त्यात पुष्कळदा पॉलिप, म्हणजे आतड्यात आतून वाढलेला मांसाचा कोंब निघतो, तो काढला की झालं. अगदी तान्हं बाळ मात्र थांबून थांबून कळवळून रडतंय, उलट्या होतायत आणि लालसर जेलीसारखं शी करतंय तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या. बीट खाल्लं की लाल आणि लोहाच्या गोळ्यांनी काळी होते, ते वेगळं. पण डांबरासारखी काळी, चिकट, घाण वास येणारी संडास म्हणजे वर जठरात रक्तस्राव असू शकतो, गुडघेदुखीसाठी रोज पेनकिलर खाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात त्यांनी त्या मनानं बंद करू नयेत, आधी डॉक्टरला विचारा.

जास्त रक्त जातंय, गाठी पडतायत, थांबत नाही, चक्कर, दरदरून घाम, पोटात जोरात दुखतंय, रक्ताची उलटी किंवा वर सांगितली तशी काळी संडास, तर सरळ १०८ ला फोन. एवढं नसेल आणि रक्त आठवडाभरात थांबलं नाही किंवा परत परत येतंय, संडासची सवय बदललीय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी निघालंय, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघतात त्याला, लोक फार घाबरतात, पण त्यात खरा वैताग आदल्या दिवशी पोट साफ करायला ते पावडरचं पाणी ढोसायचा, बाकी झोपेचं इंजेक्शन देतात. आणि आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी फुकट आहे, केसपेपरचेही पैसे नाहीत, मग पुडीवाल्याला हजारो का द्यायचे?

तुम्हाला विनंती एवढीच की जाहिरात छापायचीच असेल तर त्या डॉक्टरची डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर मागून घ्या आणि तोही छापा. जो देणार नाही त्याची जाहिरात घेऊ नका.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स, सातारा जिल्हा