गावाकडच्या घरातून, आई-नानांना

भाद्रपद वद्य

ती. आई आणि ती. नाना यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नाना नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. त्या "बरं"मध्ये काय काय असतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून सगळं नीट लिहून कळवते. सावकाश वाचा. आईला दादाने वाचून दाखवावं, म्हणजे डोळ्यांना त्रास नको.

कॉलेजचा राजीनामा मंजूर झाला. पुण्याची खोलीही सोडली. सुट्टीपुरती गावी आले होते हे खरं, पण आता इथेच राहायचं पक्कं केलंय. रागाच्या भरात नाही, कुणाशी वाकडंही आलेलं नाही. नाना, कायमची नोकरी सोडली असं मनाला लावून घेऊ नका. ती कायमची नव्हतीच, दर जूनला नवा करार व्हायचा. दिवसभर शिकवून आल्यावर चित्राला रात्रच उरायची. ट्यूबलाइटखाली लावलेला रंग सकाळी बघावा तर भलताच दिसायचा. असं किती वर्षं चालवणार? आणि पुण्याहून नाशिकला यायचं म्हणजे एसटीत अख्खी सकाळ जायची. इथून चाळीसगावला गाडी धरली की दोन-अडीच तासांत नाशिकरोड. तुम्हाला नुसती शिंक आली तरी मी संध्याकाळपर्यंत दारात उभी असेन. म्हणजे मी लांब गेले नाही, जवळ आले.

पैशांचंही सांगते, म्हणजे रात्री हिशोब मांडत बसणार नाही. नाशिकच्याच एका घरासाठी मोठं चित्र सांगितलंय, त्याची आगाऊ रक्कम बँकेत आहे. शनिवार-रविवार मोबाइलवर मुलांचे वर्ग घेते. घरभाडं नाही. फंडाच्या पैशाला हात लावलेला नाही, लावणारही नाही.

आता घराचं. मोठ्या आईच्या खोलीत मी काम करते. आई, तिचं फडताळ जिथल्या तिथे आहे, आतल्या बरण्यासुद्धा हलवल्या नाहीत. फक्त उत्तरेच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली. जिभाऊंनी स्वतः उभं राहून गवंड्याकडून करवून घेतली, वर चांगली तुळई टाकली, भिंतीला कुठे धक्का नाही. धाब्यावर पावसाच्या आधी नवी माती टाकली होती. यंदा माजघरात एकही भांडं ठेवावं लागलं नाही.

खिडकी का, तर उजेडासाठी. आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. जूनमध्ये भर दुपारीही तो डोक्यावरून थोडा उत्तरेलाच असतो. तेव्हा त्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत यायचं आणि चित्रावर कवडसे नाचायचे. मे महिन्यात तर रंग ब्रशवरच वाळायचा, पाट्यापासून कापडापर्यंत जाईस्तोवर त्याचं खरखरीत पापुद्रं व्हायचं. मग पावसाळ्यात कागद फुगले, डिंकाला बुरशी धरली. आता 23 सप्टेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेकडे वळला, की पुढे मार्चपर्यंत त्या खिडकीतून उन्हाची तिरीपसुद्धा यायची नाही. नुसता आभाळाचा उजेड, सकाळी आठपासून पाचपर्यंत बराचसा एकसारखा. पावसाने धूळ बसवलेली असते, आभाळ धुतलेलं असतं. चित्रकाराला वर्षात मिळतात ते हेच महिने. याच महिन्यांत मी आजवर सहामाही परीक्षेचे पेपर तपासत बसायचे.

रंग मीच करते. गेरू, पिवडी, काजळी, चुना. अजिंठ्याच्या भिंतींवरही बहुतेक मातीचेच रंग आहेत, निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, बाहेरून आणलेला. बाभळीचा डिंक रात्री भिजत घालायचा, सकाळी मलमलीतून गाळायचा, दोन थेंब लवंगेचं तेल घालायचं म्हणजे नासत नाही. आई, ती बाटली उघडली की मला तू आठवतेस. दाढ दुखायची तेव्हा कापसाचा बोळा लावून, हनुवटी धरून बसायचीस, मी झोपेपर्यंत. गेरू पाट्यावर पाणी घालून वाटते. बोटांच्या चिमटीत कण लागेनासा होईपर्यंत वाटायचं, पुरणाला तू सांगायचीस तसंच. घाबरू नकोस, मांड्यांच्या पुरणाचा पाटा धुऊन, फडक्यात बांधून ठेवलाय. रंगाला परसातला तो कोपरा उडालेला घेतला.

सध्या कपाशीचं फूल काढतेय. आपल्या वावरात एवढी वर्षं बघितलं, पण नीट पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते दुधाळ, फिकट पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर तेच फूल गुलाबी होतं. तो गुलाबी गेरू-चुन्यातून निघेना, विटकरीच व्हायचा. मग चाळीसगावच्या काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठा आणली. तिचा काढा केला, त्यात तुरटी विरघळवली, वरून धुण्याचा सोडा चिमूट चिमूट टाकला. भांडं फसफसून वर येतं, मग शांत होतं आणि रंग तळाशी बसतो. गाळून सावलीत वाळवला. फुलाचा गुलाबी अजून पुरता नाही, पण जवळ आलाय. आता बोंडं फुटायला लागलीत. पहिली वेचणी होईस्तोवर हे चित्र मला पुरं करायचंय.

नाना, वायरिंगची काळजी तुम्ही बोलून दाखवली नाहीत, पण मला कळली. पूर्ण नवीन करून घेतलंय, लाकडी पट्ट्या काढून पाइपातून. भुसावळच्या कब्रस्तानातल्या गिलसाहेबाची गोष्ट तुम्हीच सांगितली होती ना, 1844 पासून अजिंठ्याला राहून चित्रं उतरवली आणि 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळी जळाली. तेव्हा मी क्वार्टरच्या पायरीवर बसून रडले होते आणि तुम्ही मालधक्क्यावरच्या जुन्या रजिस्टराची कोरी पानं आणून दिलीत, "तू काढ" म्हणालात. ती पानं अजून माझ्याजवळ आहेत.

केकी मूसांच्या बंगल्यातही तुम्हीच नेलंत. एवढं विलायतेत शिकून आलेला माणूस 1989 मध्ये जाईपर्यंत चाळीसगावातच राहिला आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंच्या फोटोंनी जगभर नाव काढलं. गावात राहून काम होतं हे मी तिथेच पाहिलं. पण आई, लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. त्यांनी कोंडून घेतलं तसं मी घेणार नाही. मला माणसं लागतात. आणि इथे कोंडून घेणार तरी कशी! सकाळपासून ओट्यावरून कुणी ना कुणी "काय करी राहिनी व माय?" विचारत आत डोकावतं. गल्लीतल्या पोरींना मी गुलाबाईची मूर्ती करून दिली, रोज संध्याकाळी गाणी आपल्याच ओट्यावर होतात. खाऊ ओळखायला मलाही बसवतात. कानबाईला भाऊबंद जमले होते, रोट वेळेवर झाले, तुझ्या हातचे नव्हते एवढंच. जेवणाचं विचारूच नकोस. जिभाऊंची सून एक दिवसाआड कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवते. रात्री दाराला दोन्ही कड्या लावते.

आता माझं ऐका. आई, मोबाइलवर चित्र बघून तू म्हणालीस, "सगळं पिवळं पिवळं का गं?" त्या चित्रात आभाळ निळं आहे. मोतीबिंदूने भिंग पिवळट होतं आणि निळा आधी जातो. तू काही चुकीचं बोलली नाहीस, तुला दिसलं तेच सांगितलंस. पण ऑपरेशन दिवाळीनंतर, लग्नसराईनंतर असं आता चालणार नाही. दिवाळीच्या आधीच करायचं. दादाशी बोलले आहे, तो डॉक्टरांची तारीख घेईल. फराळ विकत आणू, नाही तर वहिनी आणि मी करू. घरातल्या कुणालाही तुझ्या चकलीपेक्षा तुझा डोळा जास्त हवा आहे.

नाना, सकाळी फिरायला जाताना काठी घ्यायचीच, लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, जेवण झाल्यावर आठवली म्हणून घ्यायची नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, "नॉर्मल आहे" असं तोंडी नको. आणि माझ्यावर राग असेल तर तो मला सांगा, आईला नको. ती दोन्हीकडून ऐकते आणि मग रात्री जागते.

घर विकायचं की नाही, ते तुमचंच आहे, तुम्हीच ठरवा. मी आडवी येणार नाही. फक्त या वर्षी ठरवू नका एवढंच म्हणणं. ऑपरेशन झालं, डोळा सांभाळायचे दिवस संपले, की दोघांनी इथे या. डिसेंबरात इथे थंडी छान असते, भरताची वांगी आलेली असतात. नानांची खाट ओसरीवर टाकते, मच्छरदाणी नवी आणलीय. न्हाणीत पाय घसरू नये म्हणून फरशी खरबरीत करून घेतली आणि धरायला दांडी बसवली आहे. परसातला संडासही आता कमोडचा केलाय, गुडघ्यांना त्रास व्हायचा नाही.

तारीख कळली की लगेच फोन करा. मी आदल्या दिवशीच येते आणि औषधाचे थेंब घालायचे सगळे दिवस तिथेच राहते. चित्र थांबेल, त्याला काही होत नाही.

वहिनीला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची
बेबी