कलमाचा चाकू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्याच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळींची बातमी होती. ‘नववीतील विद्यार्थ्याच्या दप्तरात चाकू.’ शेजारी रामपुरीचे चित्र, पात्याच्या टोकाला लाल थेंब. मुलाचे आणि शाळेचे नाव छापले नाहीत, त्याबद्दल आभार. पण तो चाकू रामपुरी नव्हता. कलमे बांधायचा घडीचा चाकू होता, आणि तो त्या मुलाला मी दिला होता. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वय ६८. राहणार दापोली तालुका. सरकारी रोपवाटिकेत ३१ वर्षे माळी होतो. आता घरामागच्या आगरात चार वाफे आणि एक शेडनेट एवढी माझी स्वतःची रोपवाटिका आहे. शाळकरी वयापासून आजपर्यंत खिशात चाकू नाही असा दिवस मला आठवत नाही. माझ्या लग्नात मांडवाच्या दाराला बांधलेले आंब्याचे डहाळे मी पहाटे उठून त्याच चाकूने उतरवले होते.

पहिला चाकू आजोबांचा. मूठ म्हशीच्या शिंगाची, दोन्ही टोकांना पितळ, पाते चार बोटांचे. आजोबा दोन दुकानदारांचे हिशेब मोडीत लिहायचे, बोरूने. रविवारी पडवीत बसून आठवड्याचे बोरू तासायचे. टोक तिरपे कापायचे, मग नखावर टेकवून मधोमध केसाएवढी चीर द्यायची, म्हणजे शाई सावकाश उतरते. तासताना पडणारी साले मी गोळा करायचो. मी सात वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी तो चाकू माझ्या हातात दिला आणि एकच गोष्ट शिकवली, ‘आधी अंगठा कुठे आहे ते बघ, पातं मागनं.’ पुढे मी जेवढ्या पोरांना कलम शिकवले त्या प्रत्येकाला हे वाक्य पहिल्या दिवशी सांगितले.

कलम हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला तो बोरूचाच अर्थ घेऊन. बोरू तासायच्या चाकूला जुनी माणसे कलमतराश म्हणत. इंग्रजांचा पेननाइफसुद्धा पिसाची लेखणी तासायचा, म्हणून त्याचे ते नाव. लेखणी कलम, झाडाचे बांधतो ते कलम, कायद्याच्या पुस्तकातले तेही कलम. हा विचार मनात आला की मला फार बरे वाटते. आजोबांनी ज्या चाकूने अक्षराचे कलम केले त्याच चाकूने मी आंब्याचे पहिले कलम बांधले. ते झाड आजही विहिरीकडेला उभे आहे.

दुसरा चाकू थोरल्या काकांचा. ते बोटीवर होते. एका खेपेला शेफील्डचा चाकू घेऊन आले, पात्यावर चांदणी आणि क्रूस अशी जोडखूण. ती जोसेफ रॉजर्स या कारखान्याची खूण, १७६४ सालापासूनची, हे मला खूप नंतर समजले. तेव्हा फक्त आवाज कळला होता. पाते उघडताना पाठीची पट्टी आधी ताणते, विरोध करते आणि मग ‘टक्’ करून पाते जागेवर बसते. मिटताना पुन्हा तसेच. चांगल्या चाकूची पारख मी अजून डोळे मिटून, कानाने करतो. पट्टी सैल असेल तर आवाज पोकळ येतो आणि तसला चाकू बोटावर मिटतो.

भाचाही बोटीवरच आहे. त्याने फ्रान्सचा ओपिनेल आणून दिला. १८९० सालापासून सव्हॉय भागातल्या डोंगरात हा चाकू बनतो. बीच लाकडाची गोल मूठ, एक पाते, बाकी काही नाही. तिकडचे शेतकरी खिशात ठेवतात. १९५५ साली त्यांनी मुठीच्या तोंडाशी फिरणारे कडे बसवले. ते फिरवले की पाते मिटत नाही. एवढी साधी युक्ती पाहून मी थक्क झालो. पावसात मात्र लाकूड फुगते आणि पाते मुठीतून निघता निघत नाही, त्यामुळे कोकणातल्या जुलैत तो कपाटात असतो. इथे शिंगाची किंवा पितळी मूठच खरी.

आता ज्या चाकूवरून एवढे सगळे झाले, त्याच्याविषयी.

कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते. दुसरी बाजू सपाट, आरशासारखी. दोन्हीकडून धार असलेली सुरी लाकडात शिरताना कुठल्या तरी अंगाला वळते. एकधारी पाते सपाट बाजूच्या आधाराने सरळ जाते. कोय कलमात सगळा खेळ या सरळपणाचा आहे. जूनमध्ये रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या. रोप दोन-तीन आठवड्यांचे झाले, पाने अजून तांबूस आहेत, देठ कोवळा आहे, तेव्हा ते कोयीपासून चार बोटांवर आडवे छाटायचे आणि मधोमध दीड-दोन इंच उभी चीर द्यायची. हापूसची काडी तीन-चार महिन्यांची. तिची पाने आठ-दहा दिवस आधीच कापून ठेवलेली, म्हणजे डोळा फुगलेला असतो. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही अंगांनी एकेका ओढीत उतार द्यायचा. एका ओढीतच. दुसऱ्यांदा पाते फिरवले की पृष्ठभागावर लाट येते. ती पाचर चिरेत बसवायची, साल सालीला भिडवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. लाट राहिली तर आत पोकळी राहते, पोकळीत पाणी जाते आणि काडी काळी पडते.

हापूसची कोय लावून हापूस येत नाही. ती कोय दोन झाडांच्या संकरातून झालेली, तिचे झाड आपल्या गुणाने वाढते. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात आंब्याची कलमे बांधून जाती टिकवल्या गेल्या. हापूस हे नावही अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आलेले. म्हणजे रत्नागिरीपासून देवगडपर्यंत हापूसचे जे जे झाड उभे आहे ते कुणाच्या तरी हातातल्या पात्याखालून गेलेले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूस आणि नीलमच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ दिला, तोही बागेत पोहोचला तो काडीने. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण पहिल्या पानावर पेटीचे रंगीत छायाचित्र छापले होते. ते मी कापून ठेवले आहे. कातरीने नव्हे, चाकूने.

हल्ली नवीन पोरे कागद कापायच्या कटरने कलमे बांधतात. पंधरा-वीस रुपयांना मिळतो, पाते बोथट झाले की तुकडा मोडून टाकायचा. त्यांना मी दोष देत नाही, धार लावायला कुणी शिकवलेच नाही. पण ते पाते पातळ, काडीत शिरताना वाकते, आणि मोडलेले तुकडे वाफ्यात पडतात. मागच्या वर्षी कुंड्या भरणाऱ्या एका बाईच्या तळव्यात असा तुकडा घुसला, तीन टाके पडले. घडीच्या चाकूने रोपवाटिकेत माझ्यासमोर एवढी जखम कुणाला झाली नाही.

धार लावायला मला रोज संध्याकाळी दहा मिनिटे लागतात. आधी कुरुंदाचा दगड, मग पाणी लावून बारीक दगड, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर वीस वेळा. सपाट बाजू दगडावर फक्त टेकवायची, घासायची नाही. आंब्याचा चीक पोलादाला काळा करतो, म्हणून पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे. न गंजणाऱ्या पोलादाचे चाकूही मी वापरले. ते दिसायला स्वच्छ राहतात, पण मला साधे पोलादच आवडते. वर्षानुवर्षे चीक खाऊन त्याला जो निळसर काळा रंग येतो तो मला पैठणीच्या काठाइतका सुंदर वाटतो.

तो मुलगा गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे यायला लागला. पहिल्या आठवड्यात मी त्याच्या हातात पाते दिलेच नाही. भेंडीच्या देठावर बांबूच्या कामटीने ओढ शिकवली. दिवाळीपर्यंत तो मृदकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या फुटीवरचे कलम, करू लागला. यंदा जूनमध्ये मी त्याला माझा रोपवाटिकेतला चाकू दिला, १९८४ पासून वापरलेला, दगडावर घासून घासून पाते अर्धे उरलेले. त्या दिवशी तो सकाळी माझ्याकडे चाळीस रोपे छाटून तसाच शाळेत गेला. चाकू फडक्यात गुंडाळून दप्तराच्या तळाशी होता. संध्याकाळी दारात उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, ‘अण्णा, चाकू घेतला त्यांनी.’

शाळेत चाकू नको, हे मला मान्य आहे. तो माझ्याकडे ठेवून जा असे मी सांगायला हवे होते, ते राहिले. शिक्षकांनी चाकू काढून घेतला यात त्यांची चूक नाही. माझे म्हणणे आपल्या चित्राविषयी आहे. शस्त्रांच्या केंद्रीय नियमांत परवाना लागतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना, आणि त्यातूनही घरकामासाठी, शेतीसाठी बनवलेली पाती वगळलेली आहेत. त्या मुलाच्या हातातले पाते अडीच इंचांचे. शेतीचेच. कायद्याच्या कलमाने जो फरक केला तो आपल्या पानावर दिसला नाही. रामपुरीबद्दलही मला वाईटच वाटते. रामपूरच्या कारागिरांचा तो धंदा, २०२३ साली त्या शहराने चौकात वीस फुटी चाकू उभारला. आणि आपण मात्र प्रत्येक मारामारीच्या बातमीला त्याच चाकूचे चित्र लावतो.

चित्र छापून आल्यावर वर्गात त्या मुलाला ‘चाकूवाला’ म्हणायला लागले. वडिलांनी त्याला माझ्याकडे पाठवणे बंद केले. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. ते चहा देतात, नीट बोलतात, पण ‘नको अण्णा, नाव खराब होतंय त्याचं’ असेच म्हणतात. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही हेच म्हणालो असतो.

माझी विनंती दोन गोष्टींची. हे पत्र त्याच तालुक्याच्या पानावर छापावे, आतल्या पानावर नको. त्याचे वडील तेवढेच पान वाचतात. आणि आपल्या वार्ताहराला एखाद्या सकाळी, आठच्या आत, माझ्या शेडनेटमध्ये पाठवावे. छायाचित्र हवे असेल तर माझ्या हातातल्या चाकूचे घ्यावे.

जमल्यास लवकर. वाफ्यात सहाशे कोयी रुजल्या आहेत आणि रोपांची पाने अजून तांबूस आहेत. आणखी आठवड्याभरात ती हिरवी होतील, देठ कडक होईल, मग त्यांच्यावर कोय कलम धरत नाही. माझ्या उजव्या अंगठ्याला आता संधिवात आहे, दिवसाला पन्नासाच्या वर होत नाहीत. सोमवारी शाळेत जाऊन मी तो चाकू मागून आणणार आहे. धार लावून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त माळी,
ता. दापोली, जि. रत्नागिरी