मोंबासाच्या पानावर वसई कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं केनियातल्या मोंबासावरचं पान वाचलं. फोटो झकास आहेत, त्याबद्दल अभिनंदन. मजकुराचं तेवढं कौतुक करवत नाही.

मोई अव्हेन्यूच्या फोटोखाली आपण 'हस्तिदंती कमान' छापलं आहे. रस्त्यावरच्या त्या कमानीचे चारही सुळे ॲल्युमिनियमचे आहेत. एवढाले सुळे असलेला हत्ती खरोखरच सापडला असता, तर बातमी पहिल्या पानावर लागली असती. वास्को द गामाचा स्तंभही मोंबासात नाही. तो उत्तरेला मालिंदीत आहे, शे-सव्वाशे किलोमीटरवर. 1498 मध्ये मोंबासात त्याचं जमलं नाही, म्हणूनच तो पुढे मालिंदीला गेला.

हे एक वेळ चालवून घेऊ. पण फोर्ट जीझस या तिथल्या पोर्तुगीज किल्ल्याला अर्धं पान देऊन वसईचं नाव एकदाही येऊ नये? किल्ल्याचं काम 1593 मध्ये सुरू झालं. त्याचा आराखडा करणारा कैराती हा पोर्तुगीजांचा गोव्यातला मुख्य वास्तुकार. शंभरेक वर्षांनी, मार्च 1696 मध्ये, ओमानी अरबांनी या किल्ल्याला वेढा घातला आणि तो तब्बल 33 महिने चालला. गोव्याहून जी मदत निघाली, तीत 'सांतो आंतोनियो द तना' नावाचं 42 तोफांचं जहाज होतं. ते 1681 मध्ये वसईत बांधलेलं, अस्सल सागवानी. ऑक्टोबर 1697 मध्ये ते किल्ल्यासमोरच बुडालं. डिसेंबर 1698 मध्ये किल्लाही पडला.

1977 ते 1980 या काळात गोताखोरांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. तोफ, चिनी मातीची भांडी, मोठाले रांजण अशा हजारो वस्तू वर आल्या. त्यांतल्या निवडक किल्ल्यातल्या संग्रहालयात मांडल्या आहेत. जहाजाचा सांगाडा मात्र मापं घेऊन, आरेखनं करून तिथेच पुन्हा झाकला. खाऱ्या पाण्यात एवढी वर्षं मुरलेलं लाकूड बाहेर काढून नुसतं सुकू दिलं की आकसतं, तडकतं. ते टिकवायचं तर वर्षानुवर्षं रसायनात बुडवून ठेवावं लागतं, आणि तो खर्च न झेपणारा. म्हणजे वसईच्या सुतारांचं काम अजून त्या तळाशी आहे. आपल्या लेखकाने याच संग्रहालयाबद्दल 'जुनी भांडीकुंडी' हे दोन शब्द खर्च केले आहेत. धन्य!

किल्ला 'मनुष्याकृती' आहे, हे मात्र तीनदा सांगितलं. तो आकार नकाशात किंवा वरून दिसतो, दारात उभं राहून नाही. उभ्याने बघायचं ते जमिनीकडचे सां फिलिप आणि सां आल्बेर्तो हे बुरूज. त्यांच्या समोरासमोरच्या बाजूंना आत खाचा घेतल्या आहेत, एका बुरुजावरच्या तोफेला दुसऱ्याचा पायथा झोडपता यावा म्हणून. भिंतीच्या गिलाव्यावर पोर्तुगीज शिपायांनी कोळशाने आणि गेरूने काढलेली जहाजंही आहेत. घाईघाईत ती हमखास राहून जातात. किल्ला सकाळी आठला उघडतो. तेव्हाच जावं, दुपारी तिथला दगड तापतो.

जुन्या शहरातल्या घरांचे पोपडे 'दुर्लक्षामुळे' पडतात, हेही अर्धसत्य. ही घरं प्रवाळाच्या दगडाची, चुन्यात बांधलेली, वर खारफुटीच्या वाशांचं छत. वासा जेवढा लांब तेवढीच खोली रुंद, जेमतेम पावणेतीन-तीन मीटर. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा लागतो, कारण त्यातून ओल बाहेर पडते. 'दुरुस्ती' म्हणून वर सिमेंट फासलं की ओल आणि मीठ आत कोंडतं, सिमेंट फुगतं आणि निघताना दगडाचा पापुद्राही घेऊन येतं. बरीच घरं दुर्लक्षाने नव्हे, असल्या दुरुस्तीने बिघडतात.

जाता जाता आणखी एक. 'कसे जाल?' या चौकटीत विमान आणि रेल्वे आहे, पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीचा उल्लेखच नाही. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस फक्त अधिकृत केंद्रांवरच मिळते, आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. या चार ओळी खालच्या हॉटेलच्या जाहिरातीतून दोन सेंटिमीटर कापले असते तरी मावल्या असत्या.

आपला,
एक नियमित वाचक, वसई