ताई, पेशीचा रंग बघायला शिकवलंत

प्रिय ताई,

प्रबंधाच्या आभारांच्या पानावर तुमचं नाव एका ओळीत उरकलं गेलं. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

जर्मनीतला माझा पहिला हिवाळा होता. झेनोपस बेडकाच्या चार पेशींच्या भ्रूणात मी विंटचा, म्हणजे पाठ कुठे घडवायची ते पेशींना सांगणाऱ्या संदेश-प्रथिनाचा, आरएनए टोचायचे. दोन डोक्यांचे टॅडपोल दिसायला हवे होते, पण दर वेळी साधे, एकाच डोक्याचे निघायचे. आरएनए नव्याने बनवला, सुया बदलल्या. काही उपयोग झाला नाही. एका रात्री तुम्ही शेजारी स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "सुई ठेव बाजूला. आधी पेशीचा रंग बघ."

तोवर मी चारही पेशी सारख्याच समजत होते. शुक्राणू जिथून शिरतो त्याच्या समोरची बाजू पाठीची होते. फलनानंतर अंड्याचा बाहेरचा थर साधारण ३० अंशांनी सरकतो, आणि म्हणून पाठीकडच्या पेशी फिकट दिसतात, पोटाकडच्या गडद. पाठीकडे बीटा-कॅटेनिन, म्हणजे विंटचा संदेश पेशीच्या आत पुढे नेणारं प्रथिन, आधीच साठायला लागलेलं असतं. मी नेमकी तिथेच टोचत होते, जिथे तो संदेश मुळातच चालू होता!

दुसऱ्या दिवशी फक्त गडद पेशी निवडल्या. टोचणं तुम्ही एकदाही माझ्या हातून घेतलं नाहीत. मग वाट बघायला लावलीत, आणि ती का बघायची तेही सांगितलंत: पहिल्या बारा विभाजनांत भ्रूण मुख्यतः आईने अंड्यात ठेवलेल्या आरएनएवरच चालतो, साधारण ४,००० पेशी झाल्या की त्याची स्वतःची जनुकं मोठ्या प्रमाणावर जागी होतात. काही भ्रूण आपण त्यानंतर लगेच, गॅस्ट्रुला अवस्थेत (पेशी आत वळून थर बनू लागतात तेव्हा), कॉर्डिन हे पाठीकडे चालू होणारं जनुक कुठे जागं आहे ते दिसावं म्हणून रंगवले. एकाऐवजी दोन जांभळे डाग! कॉर्डिनचं प्रथिन पेशीबाहेर बीएमपीला, म्हणजे पोटाची बाजू घडवणाऱ्या प्रथिनाला, धरून ठेवतं, म्हणूनच पाठ आणि मेंदू घडायला वाव मिळतो. हे वाक्य मी परीक्षेत कितीदा तरी लिहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

त्या संध्याकाळी कॉफी पिताना तुम्ही हिल्डे मॅन्गोल्डबद्दल बोललात. फ्रायबुर्गची विद्यार्थिनी. फिकट न्यूटच्या (बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला उभयचर) भ्रूणातला पाठीच्या ओठाचा, म्हणजे पेशी जिथून आत वळतात त्या कडेचा, तुकडा तिने गडद न्यूटच्या भ्रूणात बसवला. दुसरं शरीर उगवलं तेव्हा त्यातलं पाहुण्याचं किती आणि यजमानाचं किती, ते रंगावरूनच कळलं. तो शोधनिबंध १९२४ साली आला आणि त्याच वर्षी ती अपघातात गेली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. तिचे मार्गदर्शक स्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळालं. हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. तेव्हा मी काहीच बोलले नाही. पण रंग बघायला तुम्ही कुणाकडून शिकलात ते मला त्या क्षणी समजलं.

तुमच्या भुवईचा केस काचेच्या नळीला चिकटवून केलेलं ते हत्यार अजून माझ्याकडे आहे. इतक्या हळुवारपणे भ्रूण उलटवणारी दुसरी वस्तू मला मिळालेली नाही. त्या दिवसाचे उरलेले भ्रूणही फ्रीझरमध्ये मिथेनॉलमध्ये आहेत, नळीवर तुमच्या अक्षरातली तारीख. पुढच्या आठवड्यात त्यांना गूजकॉइडचा (कॉर्डिनसारखंच पाठीकडे चालू होणारं जनुक) प्रोब, म्हणजे ते जनुक कुठे जागं आहे ते दाखवणारी खूण, लावतेय. डाग दिसले की लगेच फोटो पाठवते.

तुमची,
धाकटी बहीण