कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं, मग अटॅक का आला?

पुणे, ८ ऑगस्ट

प्रिय माधवी,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९४ होतं, सिगारेटला कधी हात लावला नाही, मग ह्यांनाच अटॅक कसा आला?" त्या वेळी आजूबाजूला माणसं होती, आणि हा प्रश्न दोन वाक्यांत उरकण्यासारखाही नाही. नंतर त्या क्लिनिकचं पत्रक पाठवून तू दुसरा प्रश्न विचारलास: एक्सोसोमची, म्हणजे पेशींतून सुटणाऱ्या सूक्ष्म पुड्यांची, सलाईन लावून घ्यावी का? सलाईनचं आधी सांगून टाकते. लावू नका. आगाऊ पैसे भरले असतील तर परत मागा. नाहीच मिळाले तर गेले समजा, पण भाऊजींच्या शिरेत ते जाऊ देऊ नकोस. का, ते आता नीट सांगते.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःच्या आवरणाचा बारीकसा तुकडा काढते, त्यात थोडा ऐवज भरते आणि बाहेर सोडून देते. वाणी कागदात जिरं बांधून देतो, तशी ही पुडी. आत प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि आरएनएचे, म्हणजे प्रथिनं बनवायचा निरोप नेणाऱ्या रेणूंचे, तुकडे असतात. पुडी कुठल्या पेशीतून निघाली आणि कोणती पेशी तिला उचलेल, हे बरंचसं बाहेरच्या आवरणावरच्या रेणूंवरून ठरतं. लहान पुड्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, त्यांनाच एक्सोसोम म्हणतात. मोठ्या हजार नॅनोमीटरपर्यंत जातात. तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे तू अंदाज कर.

ह्यांचा सुगावा जुना आहे. १९४६ साली चारगाफ आणि वेस्ट ह्यांनी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, काढून टाकलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, फार वेगाने फिरवला, तर तळाशी जे बसलं त्याने रक्त लवकर गोठायला लागलं. १९६७ मध्ये पीटर वुल्फ ह्यांनी त्याला चक्क प्लेटलेटची धूळ म्हटलं. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलला रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशी बघत होत्या, आणि त्याच सुमाराला सेंट लुईसचा एक गट उंदरांच्या. दोघांनाही दिसलं की पेशी मोठी होताना नको झालेली प्रथिनं पुड्यांत भरून टाकून देते. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं ह्याकडे पेशीचा कचरा म्हणूनच बघितलं गेलं.

२००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या प्रयोगाने ते चित्र पालटलं. त्यांनी उंदराच्या मास्ट पेशींच्या (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींच्या) पुड्या माणसाच्या मास्ट पेशींना दिल्या, आणि माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिनं तयार झालेली सापडली. पुडीतला आरएनए दुसऱ्या पेशीने वाचला होता आणि त्याप्रमाणे कामही केलं होतं. मी विद्यार्थ्यांना हा प्रयोग शिकवते तेव्हा आजही अंगावर काटा येतो.

आता भाऊजींच्या रक्तवाहिनीकडे येऊ. कोलेस्टेरॉलचा आकडा रक्तात काय वाहतंय ते सांगतो. भिंतीच्या आत काय धुमसतंय, ते त्या आकड्यात दिसत नाही. चरबीचा थर, म्हणजे प्लाक, वर्षानुवर्षं साचतो, आणि त्यात मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी शिरून चरबी खात बसतात. खाऊन फुगतात, मरतात, आणि मरताना ढिगाने पुड्या सोडतात. १९९९ साली पॅरिसच्या गटाने माणसांच्या प्लाकमधून अशा पुड्या वेगळ्या काढल्या. त्यांच्यावर टिश्यू फॅक्टर होता, आणि रक्त गोठवायची सुरुवात तोच करतो. शिवाय त्यांच्या बाहेरच्या अंगावर फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध पदार्थ उघडा पडलेला असतो. धडधाकट पेशी तो आतल्या बाजूला झाकून ठेवते. गोठण्याची पुढची सगळी प्रक्रिया त्या पृष्ठभागावर झपाट्याने होते. प्लाकवरचं पातळ आवरण शाबूत आहे तोवर हा माल आतच राहतो. ते फाटलं की रक्ताशी गाठ पडते आणि काही मिनिटांत गुठळी.

आवरण फाटतं का, ह्यातही पुड्यांचा हात आहे, आणि मला वाटतं हा ह्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. काही पुड्यांमध्ये कॅल्शियम भरलेलं असतं. बॉस्टनमध्ये एलेना ऐकावा ह्यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की आवरणात कोलॅजेन, म्हणजे त्याला बळकटी देणारं तंतूसारखं प्रथिन, विरळ असेल तिथे ह्या पुड्या एकमेकींना चिकटतात आणि चुन्याचे सूक्ष्म कण तयार होतात. हाडासारखा मोठा घट्ट चुना काही वेळा भिंतीला आधार देतो. बारीक कणांभोवती मात्र ताण एकवटतो आणि पातळ आवरण तिथेच उसवतं. म्हणजे ब्लॉक किती टक्के होता ह्याइतकंच, तो ब्लॉक आतून किती पेटलेला होता हेही बघायला हवं. भाऊजींचा ब्लॉक आधीच्या तपासणीत किरकोळ म्हटला होता, तो एकाएकी असा कसा वागला, ह्याचं मला पटणारं उत्तर हे आहे.

सगळ्याच पुड्या वाईट नसतात हं. रक्त सरळ, एका लयीत वाहत असेल तर वाहिनीच्या अस्तराच्या पेशी सूक्ष्म आरएनए १४३ आणि १४५ भरलेल्या पुड्या सोडतात, आणि खालच्या स्नायूपेशी त्या घेऊन शांत राहतात. फ्रँकफर्टच्या गटाने २०१२ मध्ये अशा पुड्या उंदरांना दिल्या तेव्हा प्लाक कमी झाले. तेच अस्तर धुराने, साखरेने, दाबाने दुखावलं की दुसऱ्या तऱ्हेच्या पुड्या सुटायला लागतात. सॅन फ्रान्सिस्कोला २००८ मध्ये न ओढणाऱ्या तरुण माणसांना फक्त अर्धा तास दुसऱ्यांच्या धुरात बसवलं, तर अस्तरातून सुटणाऱ्या कणांचं प्रमाण वाढलं. भाऊजी स्वतः ओढत नाहीत, पण डेपोसमोरच्या टपरीवर रोज कोणाच्या शेजारी बसतात ते तुलाही ठाऊक आहे. त्यांना तेवढं सांग.

अटॅकनंतरचं सांगायला हवं, कारण आत्ता तुमचा काळ तोच चालू आहे. हृदयाचा तुकडा मेला की ही गोष्ट हृदयापुरती राहत नाही. प्लीहेत मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा साठा असतो, हे २००९ मध्ये कळलं. अटॅकनंतर तो साठा बाहेर पडून हृदयाकडे धावतो. प्लीहेला खबर देण्यात अस्तराच्या पुड्यांचाही वाटा असतो, असं ऑक्सफर्डच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांत दाखवलं, आणि अटॅक आलेल्या रुग्णांच्या रक्तातही ह्या पुड्या वाढलेल्या सापडल्या. ह्या पेशी मेलेला भाग साफ करतात, ते हवंच. पण उंदरांत असं दिसलं आहे की ही लाट दुसरीकडच्या जुन्या प्लाकमध्येही शिरते आणि त्यांना भडकवते. म्हणून पहिलं वर्ष जपायचं. म्हणून स्टेंट टाकला, रस्ता मोकळा झाला, आता गोळ्या कशाला, असं भाऊजी म्हणाले तरी तू ऐकू नकोस. अ‍ॅस्पिरीन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, ह्यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद नाही.

ही आतली धग, म्हणजे दाह, कमी केला तर फायदा होतो का? होतो, ह्याचा मोठा पुरावा २०१७ मध्ये मिळाला. कॅन्टोस नावाच्या चाचणीत अटॅक येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण होते. दाह दाबणाऱ्या कॅनाकिनुमॅब ह्या औषधाच्या १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने पुढच्या दुर्घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि एलडीएलला हातही लागला नव्हता. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, म्हणून हृदयासाठी ते वापरात आलं नाही. मग जुनं, स्वस्त कोल्चिसिन पुढे आलं. २०१९ च्या चाचणीत फायदा दिसला, २०२० मध्येही दिसला. २०२४ च्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत दिसला नाही. त्यामुळे ते भाऊजींना द्यायचं की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघून ठरवावं. आणि हे आवर्जून लिहिते, कारण तुमच्याकडे झाडपाल्याचा सल्ला देणारे खूप: कोल्चिसिन आपल्या सह्याद्रीतल्या कळलावीतही असतं. तिचा कंद उगाळून पोटात घेतला तर माणूस दगावतो. कोणी काही आणून दिलं तर सरळ टाकून दे.

आता ती सलाईन. पुड्या वेगळ्या काढणं किती नाजूक आहे ते मी रोज बघते. रक्त उपाशीपोटी, जाड सुईने, निळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं, आणि पहिली नळी वापरायची नाही. नळी जोरात हलवायची नाही. प्लेटलेट पूर्ण काढल्याशिवाय प्लाझ्मा फ्रीझरमध्ये गोठवला तर त्या फुटतात आणि मूळ रक्तात नव्हत्याच अशा पुड्यांनी नळी भरून जाते. जेवणानंतर घेतलं तर प्लाझ्मा दुधासारखा येतो आणि चरबीचे कणच पुड्या म्हणून मोजले जातात. इतकं करून तळाशी जो डाग बसतो तो कधी कधी डोळ्यांना दिसतही नाही. अशा वस्तूच्या कुपीत नेमकं काय आहे, कोणाच्या पेशींतून आलं, त्यातली कोणती पुडी शांत करणारी आणि कोणती गोठवणारी, हे त्या पत्रकात एका ओळीतही नाही. हृदयाच्या दुरुस्तीसाठी पुड्यांवर प्रामाणिक संशोधन चालू आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने कुठल्याही आजारासाठी एक्सोसोमला मंजुरी दिलेली नाही. उलट रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता. नुकताच स्टेंट बसवलेल्या माणसाच्या रक्तात, गुठळी करू शकणारी अनोळखी वस्तू सोडायची? माझ्याच्याने हे बघवणार नाही.

त्यापेक्षा पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दोन गोष्टी विचार: एचएस-सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, करायची का, आणि एलडीएल ९४ वरून आणखी खाली आणायचं का. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला ९४ पुरेसं नाही. ५५ च्या खाली न्यायचं धरतात. भाऊजींच्या हिरड्यांतून रक्त येतं म्हणालीस, तेही दंतवैद्याला दाखव, कारण तो दाहही अंगात धुमसतच असतो. फक्त जाण्याआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत हे तिथे सांग.

रिपोर्ट आले की फोटो पाठव. आईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
विद्या